बुडालेल्या नगराची सून

थायहू तळ्याच्या काठी लूचू नावाचं गाव आहे. तिथे युनश्यानला फारसं कोणी नावानं हाक मारत नसे. काठावरच्या बायकांना ती ‘बोटवाली’ होती, बोटींवरच्या बायकांना ‘शेन आजीची सून’. पन्नाशी उलटल्यावर तिला ‘दगडवाली काकू’ असं तिसरं नाव पडलं आणि ते मात्र तिला मनापासून आवडलं. आधीची दोन नावं जन्मानं आणि लग्नानं चिकटलेली होती. हे तिनं स्वतः कमावलं होतं.

ती जन्मली बोटीत. चालायला लागल्यावर तिच्या कमरेला दोरी आली, दुसरं टोक डोलकाठीला. दोरी सुटली ती शाळेत जाण्यापुरती. काठावरच्या शाळेत ती दोनच हिवाळे बसली आणि आपण कोण आहोत हे तिला तिथेच पहिल्यांदा कळलं. मधल्या सुट्टीत काठावरची पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून ओरडायची, “बुडालेल्या नगराची अवलाद! बुडालेल्या नगराची अवलाद!”

नगराची गोष्ट तिला आईकडून ठाऊक होती. तळ्याच्या जागी पूर्वी मोठं नगर होतं. एका साधूनं तिथल्या एका म्हातारीला सांगून ठेवलं, वेशीवरच्या दगडी सिंहाच्या डोळ्यांत रक्त दिसलं की मागे न बघता पळ. म्हातारी रोज सकाळी जाऊन सिंहाचे डोळे बघायची. वेशीजवळच्या खाटकाला तिची गंमत वाटली. त्यानं एके दिवशी डुकराचं रक्त घेऊन सिंहाच्या डोळ्यांना फासलं. म्हातारी पळाली. लोक पोट धरधरून हसले. आणि हसता हसताच जमीन खचली, पाणी आलं, नगर गेलं.

आईची गोष्ट इथे संपायची. काठावरच्या पोरांच्या गोष्टीला पुढे एक शेपूट होतं: जे लोक दारं-पिंपं धरून तरंगत राहिले ते हे बोटवाले. त्यांच्या पापानं नगर बुडालं, म्हणून आभाळानं त्यांना जमिनीवर राहायची बंदी केली.

युनश्याननं घरी येऊन आईला विचारलं, “खरं आहे का गं हे?”

आई जाळं आवरत होती. म्हणाली, “ते टोक धर. गुंता होतोय.”

एवढंच. पुढच्या हिवाळ्यात युनश्यान शाळेत गेली नाही.

तिचं लग्न झालं शेन घराण्यातल्या आरोंगशी. तोही बोटीतलाच. सासरा आधीच वारलेला, घरात, म्हणजे बोटीत, नवरा आणि सासू. आरोंग हसरा माणूस होता. जाळं ओढताना बेसूर गायचा आणि बायकोनं कान झाकले की आणखी मोठ्यानं गायचा. लग्नानंतरचं दुसरं नववर्ष आलं. बोटीवरच्या जेवणात मासा वाढला की तो उलटवायचा नसतो; वरची बाजू खायची, काटा अलगद उचलायचा, मग खालची बाजू. मासा उलटला की बोट उलटते. हे लहान पोरालाही ठाऊक असतं, ‘उलटणे’ हा शब्दसुद्धा कोणी जेवताना काढत नाही.

वसंतात आरोंग एकटाच छोट्या होडीनं कोळंबीचे सापळे उचलायला गेला. दुपारी पश्चिमेकडून वावटळ उठली. असली वावटळ थायहूवर चहा पिऊन होईतो येते आणि जाते. होडी पालथी सापडली. तो दुसऱ्या दिवशी लव्हाळ्यांत सापडला.

त्याला मूठमाती देऊन सगळे परतले, तेव्हा आसपासच्या बोटींवरची पाच-पंचवीस माणसं जमलेली होती. त्या सगळ्यांसमोर सासू म्हणाली, “नववर्षाच्या जेवणात हिनं मासा उलटवला. मी बघितलं.”

सगळ्यांच्या नजरा युनश्यानकडे वळल्या. तिला आठवतच नव्हतं. आपण खरंच उलटवला का? पुढे कितीतरी वर्षं ती ते जेवण मनात पुन्हा मांडून बसायची. वाफाळता भात, वाटीभर मद्य, आरोंगचं गाणं, मधोमध मासा. कधी तिला स्वतःच्या हातातल्या जेवणाच्या काड्या मासा पालथा करताना स्पष्ट दिसायच्या, कधी अजिबात दिसायच्या नाहीत. जितकी आठवू जावी तितकी ती आठवण तिनंच रचल्यासारखी व्हायची.

मूलबाळ नव्हतं. सुतक फिटलं की माहेरच्या बोटीवर निघून जायचं असं ठरलं होतं. पण सुतक फिटायच्या सुमाराला सासूला ताप चढला, तो महिनाभर उतरेना. तिला पाणी द्यायला कोणी नाही, आणि बोट एकट्या माणसाला हाकता येत नाही. ताप उतरला तोवर खेकड्यांचा हंगाम आला. हंगाम संपल्यावर थंडी. थंडीत कुठे जायचं? मग सासूच म्हणाली, “शीड फाटलंय. ते शिवून मग जा.”

शीड शिवून झालं. ती गेली नाही. का गेली नाही, हे तिला कोणी विचारलं तर ती खांदे उडवायची. “राहिले. रोज सकाळी काहीतरी काम निघायचं.”

सासूनं माशाचं बोलणं पुन्हा कधी काढलं नाही. माफीही मागितली नाही. फक्त एक गोष्ट बदलली. त्यानंतरच्या प्रत्येक जेवणात सासू माशाची ताटली स्वतःकडे ओढून घ्यायची, काटा काढायची आणि तुकडे सुनेच्या वाडग्यात टाकायची. बघणाऱ्या बायका म्हणायच्या, काय माया आहे सासूची! युनश्यानला ठाऊक होतं की ही माया नव्हे, हा पहारा आहे. वर्षं सरत गेली तशी मात्र तिची तिलाच खात्री वाटेना. वीस-पंचवीस वर्षं जो हात काटे काढून देतो, तो पहाऱ्याचा हात कितपत राहतो, कोण जाणे.

मग तो उन्हाळा आला, ज्या उन्हाळ्यात तळं हिरवं झालं. पाण्यावर डब्यातल्या रंगासारखा शेवाळाचा दाट थर, आणि असा वास की काठावरची माणसं खिडक्या लावून बसली. मासेमारी थांबली. त्यानंतर सरकारनं तळ्यातला गाळ उपसायला घेतला. मोठमोठ्या बोटी आल्या, त्यांच्यावर माणसं आली, माणसांना दोन वेळा गरम जेवण हवं. युनश्यानला स्वयंपाकाचं काम मिळालं. तेव्हा सासू ऐंशीला टेकली होती, पाठीतून वाकली होती, पण तिचे डोळे आणि तिची जीभ दोन्ही शाबूत होती.

काळा गाळ उपसला की खाली पिवळी, कडक माती लागायची. त्या दोन्हींच्या मधून विचित्र दगड वर यायला लागले. लांबट, काठीसारखे, काही आल्याच्या गड्ड्यासारखे फाटे फुटलेले, काही आतून पोकळ. आकाराच्या मानानं भलते जड. एकमेकांवर आपटले की लोखंडासारखे वाजायचे. कामगार ते परत पाण्यात फेकायचे. युनश्याननं एक उचलून चुलीजवळ ठेवला, मग दुसरा. महिन्याभरात भाज्यांच्या टोपल्यांत दगड आणि भाज्या खाली फळीवर, अशी गत झाली.

“काकू, आज दगडांची आमटी का?” कामगार विचारायचे.

“दात असतील तर ये जेवायला,” ती म्हणायची.

दगडांची बातमी नानजिंगपर्यंत गेली आणि तिथून भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या फांगबाई आल्या. युनश्यानच्याच वयाच्या, पांढऱ्या केसांच्या, पायात रबरी बूट. बोटीवर येताच त्यांनी टोपलीपुढे बसकण मारली आणि एकेक दगड हातात घेऊन फिरवत राहिल्या. हाताला गंज लागला तो विजारीला पुसला. युनश्यानला त्या तिथेच आवडल्या.

“ताई,” फांगबाई म्हणाल्या, “तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं?”

“उडतं. हात भाजतो.”

“मला वाटतं इथे तसंच झालंय. आकाशातून टेकडीएवढा दगड आला. तो आदळला तिथली जमीन वितळून उडाली. हे तिचे शिंतोडे. वरच्या वर गार झाले आणि चिखलात येऊन पडले.”

युनश्याननं हातातला दगड खाली ठेवला. “आणि तळं?”

“तो खड्डा. तळं नकाशात बघा, पश्चिमेची बाजू कशी गोल आहे.”

“म्हणजे नगर... त्यानं बुडालं?”

“नगर असलं तर. जगात किती ठिकाणी महापुराच्या गोष्टी आहेत, बुडालेल्या नगरांच्या आहेत. लोकांनी उगाच रचल्या नसतील. आभाळ लाल झालं असेल, पाणी उसळलं असेल. वाचलेल्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. सांगता सांगता त्याचे सिंहाचे डोळे झाले.”

“म्हणजे त्यात कोणाची चूक नव्हती?”

फांगबाईंनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. “चूक कसली? वरून येणाऱ्या दगडाला काय ठाऊक, खाली कोण आहे.”

त्या संध्याकाळी युनश्यान बोटीवर परतली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. सासू कोळंबी सोलत बसली होती. युनश्याननं सगळं सांगितलं: दगड, खड्डा, शिंतोडे, लाल आभाळ.

सासूनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मग त्या म्हातारीला आधी कसं कळलं?”

“म्हातारी नव्हतीच, आई. ते लोकांनी नंतर जोडलं.”

“नगर होतं, लोक होते, आणि म्हातारी तेवढी नव्हती? नगरात एक म्हातारी नसावी?”

“असेल हो. पण तिला कळलं नव्हतं.”

“तिला नाही कळलं तर ती मेली. मग गोष्ट सांगितली कोणी?”

युनश्यानला हसू आवरेना. “तुम्ही नानजिंगला जा शिकवायला.”

“मला रबरी बूट नाहीत,” सासू म्हणाली आणि सोललेल्या कोळंबीचा वाडगा तिच्याकडे सरकवला.

पुढच्या वर्षभरात लूचूचं नशीब फळफळलं. वर्तमानपत्रांत आलं, टीव्हीवर आलं. गावचे सचिव मिन यांनी वेशीवर भलीमोठी पाटी लावली, ‘तारा पडलेलं गाव’. गावसमितीच्या कचेरीतली एक खोली रिकामी करून तिथे दगड मांडले आणि पाहुण्यांना गोष्ट सांगायला युनश्यानला उभं केलं. ती गोष्ट छान सांगायची. तारा कसा आला, आभाळ कसं पेटलं. साधू, सिंह आणि खाटीक तिनं गोष्टीतून काढून टाकले. एकदा एक म्हातारा बोटवाला शेवटच्या रांगेतून म्हणाला, “खाटकाला कुठे हरवलंस गं?”

“त्याचं काही काम नव्हतं,” ती म्हणाली.

खाटकाला घालवताना आपण आणखी कोणाला तरी सोडवतोय, हे तिला आतून जाणवत असावं. त्या काळात तिला रात्री झोप चांगली लागायची, असं ती पुढे सांगायची. वावटळीलाही काय ठाऊक, खाली कोण आहे.

पण एकदा पाहुण्यांसमोर मिनसचिव बोलायला उभे राहिले आणि ओघात म्हणाले, “त्या काळी तारा पडला, आपल्या काळी शेवाळ आलं. निसर्गापुढे माणूस काय करणार!”

युनश्यान बाजूला उभी होती. तिचा आवाज तिच्या आधी बाहेर पडला. “ते वरून नाही पडलं, साहेब. ते नाल्यांतून आलं. कारखान्यांच्या, शेतांच्या, तुमच्या-आमच्या संडासांच्या.”

मिनसचिवांचे कान लाल झाले. पाहुण्यांतल्या एका बाईंनी टाळी वाजवली आणि कोणी साथ देत नाही बघून हात पर्समध्ये घातले. बाहेर आल्यावर सचिव म्हणाले, “काकू, तुम्ही ताऱ्यापुरतंच बोलत चला.” ती हो म्हणाली. पण घरी जाताना तिच्या मनात आलं, कोणाचाच दोष नाही, ही गोष्ट किती पटकन आवडते माणसाला. मला आवडली, सचिवांनाही आवडली. दोघांची कारणं मात्र एक नव्हती.

त्यानंतर ताओ आला. तो फांगबाईंचाच जुना विद्यार्थी, आता दुसऱ्या एका संस्थेत होता. मितभाषी, बारका, सारखा बोटं मोडायची सवय. त्यानं दगड नेले, पापुद्र्यासारख्या पातळ चकत्या कापल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. काही महिन्यांनी परत आला तो थेट खोलीत, पाहुणे नसताना. बरोबर फांगबाई होत्या, त्यांचा चेहरा उतरलेला.

“वितळल्याची खूण नाही, काकू,” ताओ म्हणाला. “एकाही दगडात नाही. आतलं भोक आहे ना, ते मुळाचं आहे. लव्हाळ्याच्या, झाडाझुडपांच्या. मूळ कुजलं, जमिनीखालच्या पाण्यातलं लोखंड त्याच्याभोवती हळूहळू साचत गेलं आणि दगड झाला. चिखलातच जन्मला, चिखलातच राहिला.”

युनश्याननं फांगबाईंकडे पाहिलं.

“मी चुकले असेन,” फांगबाई म्हणाल्या. “सगळं चुकलं असं अजून म्हणवत नाही मला. पण ह्या दगडांबद्दल तो बरोबर बोलतोय. मी स्वतः पाहिलं.”

“मग तारा?”

“ह्या दगडांत तरी तारा नाही.”

युनश्याननं भिंतीवरचं चित्र पाहिलं, पेटलेलं आभाळ आणि खाली धावणारी माणसं. कोणीतरी आपलं उबदार पांघरूण ओढून नेलं असं तिला वाटलं. आता खाटीक परत येणार. खाटीक आला की त्याच्यामागून मासाही येणार.

तिचा चेहरा बघून ताओ बोटं मोडायचा थांबला. म्हणाला, “चला, तुम्हाला काहीतरी दाखवतो.”

त्या हिवाळ्यात पाऊस कमी झाला होता आणि तळं काठापासून बरंच मागे सरलं होतं. तिघं चिखलातून चालत गेली. फांगबाईंनी युनश्यानचा हात धरला होता. एरवी जिथे युनश्यान जाळं टाकायची, तिथे पिवळी माती उघडी पडली होती, आणि तिच्यात एक वाटोळं तोंड. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचलेली. थोडं पुढे आणखी एक. मग आणखी.

“विहिरी,” ताओ म्हणाला.

युनश्यान वाकून बघत राहिली. आतला गाळ, कड्यावर कोणाच्या तरी बोटांचे ठसे. तिचा सगळा जन्म पाण्यावर गेला होता. पाणी म्हटलं की ते अंगाखाली असायचंच, त्याला शोधावं लागत नसे. “इथे,” ती म्हणाली, “इथे ह्यांना पाण्यासाठी खणावं लागायचं?”

“हो. इथे शेत होतं, घरं होती. मग नद्यांची मुखं गाळानं तुंबायला लागली, पाण्याला समुद्राकडे जायला वाट राहिली नाही. एका पावसाळ्यात शेताचा कोपरा गेला. नातवाच्या काळात अंगण गेलं. लोक घर उचलून थोडं वर गेले. पुन्हा पाणी आलं, पुन्हा वर.”

“म्हणजे कोणी पळालंच नाही?”

“कधी एखाद्या वाईट पुरात पळाले असतील. पण बहुतेक जण भांडीकुंडी घेऊन, सावकाश, कुरकुर करत गेले असतील. गोष्टीत तीनशे वर्षांचं पाणी एका दुपारी येतं, काकू. नाहीतर ऐकणार कोण?”

फांगबाई विहिरीच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “उत्तरेकडे एका थंड समुद्रात एक बेट आहे. तिथे एक गोल डबकं आहे. ते मात्र खरंच आकाशातून पडलेल्या दगडानं झालंय, त्यात कोणाचं दुमत नाही. आणि दगड पडला तेव्हा त्या बेटावर माणसं राहत होती, असंही म्हणतात.”

“मग तिथले लोक काय सांगतात? तारा पडला?”

“तेच सांगते. तिथली एक गोष्ट माझ्या कानावर आलीय. त्या जागी एका जमीनदाराचा वाडा होता म्हणे. तिथे सख्ख्या भावा-बहिणीचं लग्न लागलं, आणि त्या पापानं वाडा वऱ्हाडासकट जमिनीत गेला.”

युनश्यानला असं हसू फुटलं की चिखलात पाय घसरला आणि दोघांनी तिला दोन्हीकडून धरलं. “अगं बाई! म्हणजे खरा तारा पडला, तरी लोक घसरले ते नवरा-नवरीवर!”

“हो ना,” फांगबाई म्हणाल्या. त्याही हसत होत्या, पण त्यांचे डोळे भरले होते. “आणि मी आयुष्यभर उलट शिकवत आले. म्हटलं, गोष्टीतला माणूस काढला की आत तारा सापडेल.”

संध्याकाळी युनश्याननं चूल पेटवली तेव्हा तिचे हात गार पडले होते. सासू पलीकडे पांघरूण घेऊन बसली होती. सांगावं की नाही, ह्या विचारात तिनं भाताखाली जाळ जरा जास्तच केला.

“करपतंय,” सासू म्हणाली. “काय झालं? तो बारक्या काय म्हणाला?”

मग तिनं सगळं सांगितलं. मुळाचं भोक, विहिरी, सावकाश आलेलं पाणी. शेवटी बेटावरच्या लग्नाची गोष्टही. तिला वाटलं सासू हसेल. सासू हसली नाही. बराच वेळ ती गुडघ्यावरचं पांघरूण चिमटीनं सारखं करत राहिली.

“त्या भावा-बहिणीचं कोणीतरी असेल मागे,” ती म्हणाली. “आई असेल. तिला लोक काय काय बोलले असतील.”

युनश्यान चुलीतली लाकडं मागे ओढत राहिली.

“आरोंगच्या वेळी...” सासू म्हणाली आणि थांबली. ते नाव तिच्या तोंडून कितीतरी वर्षांनी आलं होतं. “मी वाऱ्याला शिव्या घातल्या होत्या. रात्रभर. तुला ठाऊक नाही. वारा काय, वाहतोय आपला. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत. सकाळी तू समोर बसली होतीस. तुला तोंड होतं.”

“मी मासा उलटवला होता का, आई?”

“मला काय ठाऊक! मी त्याच्याकडे बघत होते. तो गात होता.”

भात करपला तो करपलाच. दोघींनी वरचा वरचा पांढरा भात काढून घेतला, खारवलेल्या पालेभाजीबरोबर खाल्ला. युनश्यान म्हणते, तिला तेव्हा राग यायला हवा होता. तीस वर्षं तिनं ते जेवण मनात मांडलं होतं, आणि ही म्हणते मला काय ठाऊक. थोडा आलाही. दोन दिवस ती सासूशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सासूला पायऱ्या चढून काठावर जायचं होतं, तिनं हात पुढे केला, युनश्याननं तो धरला, आणि राग कुठे ठेवला होता ते तिला परत सापडेना.

गोष्ट सांगायचं काम तिनं सोडलं नाही, पण गोष्ट बदलली. आता ती पाहुण्यांना म्हणायची, “हे दगड आकाशातून आले असं आम्हाला वाटलं होतं. आले नाहीत.” मग मुळाचं भोक दाखवायची. काही पाहुण्यांचे चेहरे पडायचे, काही जण पैसे परत मागायचे, खरं तर प्रवेश फुकट होता. मिनसचिव चिडले. “काकू, तारा पडलेल्या गावात तारा पडला नाही असं सांगतात का?” पण सचिवांचं चिडणंही फार टिकलं नाही. दोन वर्षांत त्यांनी लोक्वाट फळांचा महोत्सव काढला, पाटी उतरवून तिच्यावर पिवळी फळं रंगवून घेतली. फांगबाई दर शरदात खेकडे खायला यायच्या. ताओशी त्यांचं पुन्हा जमलं होतं, खेकड्याचा पाय फोडता फोडता दोघं एकमेकांना खोडून काढायची आणि सासू मधूनच ताओला म्हणायची, “खा आधी, मग भांड.”

सासू गेली ती भर वसंतात, दोन-तीन दिवसांच्या तापानं. जायच्या आदल्या दुपारी शुद्धीवर होती. बोटवाल्यांना पूर्वी काठावर दफनालाही कोणी जागा देत नसे. आता टेकडीवर सगळ्या गावाचं एकच स्मशान झालं होतं, पायऱ्या-पायऱ्यांचं, आणि खालच्या रांगा चढायला सोप्या म्हणून सगळ्यांना हव्या असायच्या. युनश्याननं तिला हळूच विचारलं, “आई, खालची जागा घेऊ ना? मला यायला बरं पडेल.”

सासूनं डोळे मिटूनच मान हलवली. “वरची घे.”

“वरची कशाला?”

“सावकाश येतं म्हणालीस ना पाणी? सावकाश का होईना, येतंच ना?”

तर सासू अगदी वरच्या रांगेत आहे. शेजारी युनश्याननं स्वतःची जागा घेऊन ठेवलीय. पितरांच्या सणाला ती हातात भाताचे गोळे आणि फुलं घेऊन चढते, मधल्या कठड्यावर दम खायला टेकते, आणि खालच्या रांगेपाशी आलेल्या बायका विचारतात, “काकू, एवढ्या वर कशाला हो?”

“सासूची हौस,” ती म्हणते, आणि पुन्हा चढायला लागते.